फ्लॅनेल : ऊबही आणि आबही

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यांमधून लग्नाच्या पत्रिका फिरू लागतात. मग घराघरातून एकच चर्चा सुरू होते. नवरदेवाचा सूट कसला घ्यायचा? शिवून घ्यायचा की तयार आणायचा? की एका दिवसापुरता भाड्याने आणून वेळ निभवायची? दुकानात गेले की दुकानदार चकचकणारे, झळाळणारे कापड पुढे टाकतो. आपण भुलतो. लग्न लागते, फोटो निघतात आणि तो सूट पुढची दहा वर्षे कपाटात लटकत राहतो. इतका चमकदार कपडा ना ऑफिसात घालता येत, ना मुलाखतीला, ना सभेला. कष्टाचे पैसे एका दिवसात संपतात.

म्हणूनच आम्ही या वेळी कुटुंबाच्या पानावर एका साध्या, न चमकणाऱ्या, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेल्या कापडाविषयी लिहीत आहोत. ते कापड म्हणजे फ्लॅनेल. आपली जुनी माणसे त्याला फलालीन म्हणत. पुरुषांच्या पोशाखात या कापडाचे स्थान काय, ते कोणी विणले, कोणी वापरले आणि आपल्यासारख्या कष्टकरी घरातील माणसाने ते कसे निवडावे, हे थोडक्यात पाहू.

फ्लॅनेल म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे फ्लॅनेल म्हटले की तान्ह्या बाळाची दुपटी आणि झबली आठवतात. डी.एड. झालेल्या शिक्षकांना फ्लॅनेलचा फळा आठवेल. त्यावर चित्रे चिकटवून धडा शिकवीत. पण हे झाले सुती फ्लॅनेल. सुती कापडावर ब्रश फिरवून त्याची लव काढलेली असते. सुटाचे फ्लॅनेल लोकरीचे असते आणि त्याची जात वेगळी.

लोकरीचे सूत दोन प्रकारे काततात. एका प्रकारात लांब तंतू विंचरून, एका दिशेने सरळ बसवून गुळगुळीत, पिळदार सूत काढतात. त्याला वर्स्टेड म्हणतात. नेहमीच्या सुटाचे गुळगुळीत कापड या सुताचे. दुसऱ्या प्रकारात आखूड तंतू फक्त पिंजून घेतात. ते आडवेतिडवे, एकमेकांत गुंतलेले राहतात आणि त्यांचे मऊ, फुगीर सूत निघते. अस्सल फ्लॅनेल या सुताचे. विणून झाल्यावर कापड साबणाच्या ओलाव्यात मळतात, दाबतात. त्यामुळे ते आटते, घट्ट होते आणि त्याची वीण वरच्या बारीक लवेखाली झाकली जाते.

फ्लॅनेलची सगळी करामत या लवेत आहे. तंतूंच्या गुंत्यात हवा अडकते आणि अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर घामाची वाफ शोषून घेते, म्हणून टेरिलीनसारखे अंगाला चिकचिकत नाही. लवेमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून कापड चमकत नाही. त्याचा करडा रंगही वेगळ्या रीतीने येतो. काळे आणि पांढरे तंतू कातण्याआधीच मिसळतात. म्हणून जवळून पाहिले तर त्या एका करड्यात अनेक छटा दिसतात.

विणकरांची कहाणी

फ्लॅनेलचे माहेर ब्रिटनमधील वेल्स हा डोंगराळ मुलूख. हा शब्दही वेल्श भाषेतील लोकर या अर्थाच्या शब्दावरून आला असावा असे मानतात. मध्य वेल्समधील न्यूटाऊन, लानिडलॉइस ही गावे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॅनेलवर जगत होती. घरात, माडीवर हातमाग असत. बायका-मुले पिंजणे, कातणे करीत. मजुरी तुटपुंजी आणि तीही व्यापाऱ्याच्या मर्जीवर.

१८३९ च्या एप्रिल महिन्यात लानिडलॉइसच्या विणकरांचा संताप उफाळून आला. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा अधिकार मिळावा अशी मागणी करणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत ते सामील झाले होते. पुढाऱ्यांना पकडण्यासाठी लंडनहून पोलीस आले तेव्हा लोकांनी त्यांना पिटाळून लावले आणि काही दिवस गाव आपल्या ताब्यात ठेवले. नंतर लष्कर आले, खटले झाले आणि काही जणांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. सहकारी चळवळीचा जनक म्हणून जग ज्याला ओळखते तो रॉबर्ट ओवेनही १७७१ साली न्यूटाऊनमध्येच जन्मला आणि १८५८ साली तेथेच वारला. लहान मुलांना गिरणीत जुंपू नये, त्यांना शाळेत घालावे, हे त्याने आपल्या गिरणीत करून दाखविले.

पुढे याच न्यूटाऊनमध्ये प्राइस-जोन्स नावाच्या व्यापाऱ्याने टपालाने फ्लॅनेल विकण्याचा धंदा सुरू केला. राणी व्हिक्टोरिया आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही त्याची गिऱ्हाइके होती. म्हणजे ज्या कापडासाठी विणकर उपाशी राहिला, तेच कापड राणीच्या अंगावर गेले. कापड विणणारा एक आणि मिरवणारा दुसरा, हा जगभरचा अनुभव आहे.

आपल्या मुंबईतही वेगळे काय होते? गिरण्यांच्या विणखात्यात चांगली मजुरी मिळे. पण धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे म्हणून ‘विटाळ’ होतो, असे सांगून आपल्या माणसांना त्या खात्यात शिरू देत नसत. कामगार एकजुटीच्या घोषणा देत, पण हा विटाळ मोडायला पुढे येत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोकपणे मांडला आणि विणखाते अस्पृश्य कामगारांना खुले झाले पाहिजे असा आग्रह धरला. कापड विणण्याचा हक्कसुद्धा आपल्याला झगडून मागावा लागला, हे नव्या पिढीने विसरू नये.

कपड्याचा कायदा

कोणी काय घालावे हेही सत्तेने ठरवावे, ही रीत फार जुनी आहे. मध्य वेल्समध्ये फ्लॅनेलबरोबरच एक जाडेभरडे लोकरी कापड विणले जाई. ते जहाजे भरून अमेरिकेच्या मळ्यांवर जाई आणि गुलामांच्या अंगावर चढे. साउथ कॅरोलायना वसाहतीने १७४० साली केलेल्या कायद्यात तर गुलामांनी फक्त ठरावीक हलक्या प्रतीचेच कापड वापरावे असे लिहून ठेवले होते. चांगले कापड अंगावर दिसले की गुन्हा!

आपल्या देशात हेच काम मनुस्मृतीने केले. चांडाळांनी प्रेताच्या अंगावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, असे तिच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. अमेरिकेतील गुलामगिरी आणि येथील गुलामगिरी यांचे नाते महात्मा फुल्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना पोशाखाविषयी आवर्जून सांगितले. लुगडे ठिगळाचे असले तरी चालेल, पण स्वच्छ असावे. जातीची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत टाकावी. अंगावरचे जडशीळ दागिने उतरवावेत. आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आणि केले. बाबासाहेबांच्या सुटाकडेही आपण याच नजरेने पाहिले पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, लंडनमध्ये बॅरिस्टर झालेल्या या महामानवाने आयुष्यभर नीटनेटका पाश्चात्त्य पोशाख केला. आज गावोगावच्या पुतळ्यांवर निळा सूट दिसतो, तो त्यामुळे. नागपूरजवळच्या चिचोली येथील संग्रहालयात त्यांचे कोट आणि इतर वस्तू जपून ठेवल्या आहेत. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे.

हा इतिहास संपला असे कोणी म्हणत असेल तर त्याने बातम्या वाचाव्यात. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाने चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून त्याला मारहाण झाल्याची फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. एकविसाव्या शतकातही आपल्या अंगावरचा चांगला कपडा काही जणांच्या डोळ्यांत सलतो. तेव्हा नीट पोशाख करणे ही आपल्यासाठी निव्वळ हौस नाही.

पांढऱ्या फ्लॅनेलमधला बाळू

फ्लॅनेल आणि क्रिकेट यांचेही जुने नाते आहे. पूर्वी क्रिकेटचा पांढरा पोशाख फ्लॅनेलचा असे. म्हणून इंग्रजीत त्या पोशाखाला फ्लॅनेल्स असेच नाव पडले. १९११ साली भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन ज्याने इंग्रजांना थक्क केले, तो गोलंदाज म्हणजे पालवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला. पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता आणि साहेबांना गोलंदाजी करता करता तो तयार झाला. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. अंगावर पोशाख सर्वांसारखा, पण कप वेगळा!

बाबासाहेबांना तरुणपणी बाळूचे मोठे कौतुक होते. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू त्यांच्या विरोधात उभा राहून पराभूत झाला, हेही खरे. पण मैदानावरच्या त्याच्या कर्तृत्वाने त्यामुळे उणेपणा येत नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार झाला. जातीच्या भिंतीला ते एक मोठे खिंडार होते.

साहेबी पोशाखातील स्थान

विसाव्या शतकात करड्या फ्लॅनेलची पॅंट इंग्लंडच्या विद्यार्थ्यांपासून कारकुनांपर्यंत सर्वांची झाली. १९२५ च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी अतिशय घोळदार पॅंटी घालू लागले, त्याही बहुधा फ्लॅनेलच्याच. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर करड्या फ्लॅनेलचा सूट हा कचेरीतल्या माणसाचा गणवेशच झाला. १९५५ साली स्लोन विल्सन या लेखकाची कादंबरी आली तिच्या नावातच हा सूट होता. पुढच्याच वर्षी ग्रेगरी पेकला घेऊन तिच्यावर चित्रपटही निघाला.

इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन येथे १७७२ पासून चालत आलेली फॉक्स ब्रदर्स ही गिरणी फ्लॅनेलसाठी प्रसिद्ध आहे. सैनिक पोटरीला गुंडाळत त्या लोकरी पट्ट्याही तिने मोठ्या प्रमाणावर विणल्या. त्यांचे इंग्रजी नाव आपल्या ‘पट्टी’ या शब्दावरूनच गेले आहे. आपल्या देशात कानपूरची लाल इमली आणि पंजाबातील धारीवाल ही नावे लोकरीच्या कापडासाठी घरोघर माहीत होती. ठाण्यात १९२५ साली रेमंडची लोकरीची गिरणी निघाली. सुरुवातीला तेथे घोंगड्या आणि लष्करी गणवेशाचे कापड निघे. २००९ साली तो कारखाना बंद झाला. गिरणगावाप्रमाणे ठाण्यातही आता गिरणीच्या भोंग्याची नुसती आठवण उरली आहे.

काय घ्यावे, कसे शिवावे?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फ्लॅनेल हे थंडीचे कापड आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत फ्लॅनेलचा सूट घालून निघाल तर घामाने निथळाल. मुंबई-कोकणात तर त्याचा उपयोग फारच थोडा. पण नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे या भागांत डिसेंबर-जानेवारीची लग्ने, संध्याकाळच्या सभा, १ जानेवारीला भीमा-कोरेगावची पहाट, यांसाठी ते उत्तम. दिल्लीत नोकरी करणाऱ्या किंवा परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींना तर ते हमखास उपयोगी पडेल.

सुरुवात पूर्ण सुटाने करू नये. पहिली वस्तू म्हणजे मध्यम करड्या रंगाची एक पॅंट. ती गडद निळ्या कोटाबरोबर, स्वेटरबरोबर, नुसत्या पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या शर्टाबरोबर, कशाहीबरोबर चालते. मुलाखत, लग्न, परिषद, सगळे निभावते. ऐपत झाली की मग कोळशाच्या रंगाचा गडद करडा सूट. शिंप्याच्या खडूने ओढल्यासारख्या अंधुक रेघांचा सूट सर्वांत शेवटी, कारण तो सगळीकडे चालत नाही. सुटाखाली बूट काळे किंवा तपकिरी, साधे. टायही चकाकणारा नको. न चमकणाऱ्या कापडावर चमकता टाय उपरा दिसतो.

वजनाची चौकशी करावी. मीटरला २८० ते ३१० ग्रॅम म्हणजे हलके, ३४० ते ४०० ग्रॅम म्हणजे खरे थंडीचे. आपल्याकडे हलकेच बरे. मास्टरला तीन गोष्टी सांगाव्यात. शिवण्याआधी कापडाला वाफ देऊन आटवून घ्या. पॅंटला आतून गुडघ्यापर्यंत अस्तर लावा, म्हणजे लोकर टोचत नाही आणि गुडघा सैल पडत नाही. आणि पॅंट फार तंग करू नका, कारण फ्लॅनेल सरळ लोंबले तरच शोभते. या कापडात पॅंट कोटाच्या आधी झिजते, मांड्यांच्या आतल्या बाजूला तर लवकरच. म्हणून जमल्यास एका कोटाला दोन पॅंटी शिवाव्यात.

कापड पारखून घ्या

बाजारात फ्लॅनेल म्हणून टेरीवूल, टेरीकॉट, काय वाटेल ते खपवतात. दुकानदाराकडून एक धागा मागून घ्या आणि घरी वाटीत जाळून पाहा. अस्सल लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. दोन्ही झाले तर मिसळ आहे असे समजा. मिसळ वाईटच असते असे नाही, ती जास्त टिकते. पण मग लोकरीचा भाव देऊ नका.

जुन्या कपड्यांच्या बाजारात कधी कधी उत्तम लोकरीचा कोट अल्प किमतीत मिळतो. खांदे आपल्या मापाचे असतील तरच घ्यावा, बाकीचे शिंपी दुरुस्त करू शकतो. आणि माताभगिनींना एक विनंती. आजोबांचा जुना कोट बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेण्यापूर्वी त्याचे कापड एकदा हाताला लावून पाहा. कदाचित नातवाची मुलाखत त्याच कोटात पार पडेल.

निगा

फ्लॅनेल घरी गरम पाण्यात कधीही धुऊ नये, ते आटून लहान पोराच्या मापाचे होईल. एकदा घातले की दुसऱ्या दिवशी त्याला विश्रांती द्यावी. मऊ ब्रशने धूळ झाडून रुंद खांद्याच्या हॅंगरला टांगावे. इस्त्री करताना वर ओले फडके ठेवावे, नाहीतर लव दबून कापड चकाकू लागते. ड्रायक्लीन वर्षातून एखादे वेळा पुरे. कापडावर गोळे आले तर ओढू नयेत, कात्रीने हलकेच कापावेत.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कसर. उन्हाळ्यात कपडा स्वच्छ करून, उन्हात वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवावा. मळका कपडा ठेवला तर कसर हटकून लागते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि बाळाच्या कपड्यांत त्या मुळीच टाकू नयेत. त्या तान्ह्या मुलांना बाधतात.

बाळाच्या सुती फ्लॅनेलबद्दलही एक सूचना. लोकर सहजी पेट घेत नाही, पण सुती फ्लॅनेलची लव एका ठिणगीने भडकते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कापडाने अनेक मुले भाजली, तेव्हा ते सहज पेटू नये म्हणून रसायनशास्त्रज्ञांना प्रक्रिया शोधावी लागली. तेव्हा असे झबले घातलेले मूल स्टोव्ह, चूल, शेगडी आणि मेणबत्ती यांपासून लांबच ठेवावे. वंदनेच्या वेळी मेणबत्त्या लावतो तेव्हा हे विशेष ध्यानात असावे.

कर्ज काढून सूट नको

कोणी विचारील, जिथे मुलांच्या फीची भ्रांत आहे तिथे फ्लॅनेलची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की आपल्या घरात सुटावर खर्च आजही होतोच. लग्नात होतो, हौसेने होतो, कधी कर्ज काढूनही होतो. तोच खर्च डोळसपणे व्हावा, एवढेच आमचे म्हणणे. एका दिवसाच्या झगमगाटापेक्षा दहा वर्षे चालणारी एक पॅंट बरी. पुस्तक आणि कपडा यांत निवड करायची वेळ आली तर आधी पुस्तक. सूट नंतर होईल.

पण जेव्हा ऐपत होईल, जेव्हा आपला मुलगा शिकून पहिल्यांदा मुलाखतीला निघेल, तेव्हा त्याच्या अंगावर नीट बेतलेला, स्वच्छ, साधा कपडा असावा. तो पाहून ‘तुम्हाला कशाला हवेत असले कपडे?’ असे विचारणारा कोणी भेटलाच, तर पोराने मान खाली घालू नये. आपल्या अंगावर काय असावे हे ठरविण्याचा अधिकार महाडला आपण परत घेतला आहे.